रंगवलेला गंज

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, आणि कठड्यावरचा गंज अंगठ्याच्या नखानं खरवडून पाहिला. नखाला काहीच लागलं नाही. समोर पाण्यात कॅप्टन नेमोची पाणबुडी, मागं ज्वालामुखी, आणि मधे कराडहून आलेले आमचे मामा आपलं नख उन्हात धरून निरखतायत.

मामा : अगं, हा गंज नाहीच. रंग आहे.

मी : रंगच आहे. रिव्हेटच्या खालून ते तांबूस ओघळ आलेत ना, तेही रंगवलेत. पाणी कुठून झिरपेल, कुठं साचेल, याचा विचार करून.

मामा : म्हणजे पैसे मोजून गंज चढवून घेतला?

मी : हो. आणि फिका पडला की परत चढवून घेतात.

मामा : छत्तीस वर्षं धरणाच्या दारांवरचा गंज काढण्यात गेली माझी. पावसाळा तोंडावर आला की खरवडा, घासा, रेड ऑक्साइड मारा. ठेकेदारानं गंजावरच रंग फासला म्हणून बिलं अडवलीत मी. आणि इथं नव्याकोऱ्या वस्तूला मुद्दाम म्हातारं करतात. वेड लागलंय सगळ्यांना. तुला धरून.

मामा 71 वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मी 44 ची, गेली नऊ वर्षं टोकियोतल्या निशी-कासाईला राहते. निशी-कासाईत संध्याकाळी दुकानात गेलं की हिंदी, तेलुगू, मराठी कानावर पडतं. पुण्याहून आलेले योगेंद्र पुराणिक 2019 साली आमच्या एदोगावा प्रभागातून निवडून आले, ते याच वस्तीतून. इथल्या बहुतेक मराठी घरांना डिस्नी माहीत असतं ते मुलांच्या वाढदिवसापुरतं आणि भारतातून पाहुणे आले की. मी एकटी जाते. मामांना घेऊन गेले ती माझी एकतिसावी खेप.

जागा टोकियो डिस्नीसी. शेजारचं टोकियो डिस्नीलँड 15 एप्रिल 1983 ला उघडलं, अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नी पार्क. डिस्नीसी आलं 4 सप्टेंबर 2001 ला. दोन्ही ओरिएंटल लँड या जपानी कंपनीची. डिस्नीला रॉयल्टी जाते. आणि दोन्ही टोकियोत नाहीतच. नदीपलीकडं चिबा प्रांतात उरायासु नावाचं गाव आहे, तिथं आहेत. बसमध्ये हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "नाव टोकियोचं आणि गाव दुसऱ्याचंच." मी हसून सोडून दिलं होतं.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास ते गप्प होते. इटालियन बंदराला वळसा घालताना एका पिवळ्या भिंतीपुढं थांबले.

मामा : ती वरची खिडकी बघ. दारं उघडी आहेत, सावली पडलीय. पण ऊन या बाजूनं आहे आणि सावली त्याच बाजूला.

मी : अर्ध्या खिडक्या रंगवलेल्या आहेत. कोनाडे, दगडी नक्षी, कमानी, जवळ जाऊन बघा.

मामा : बघितलं. म्हणून तर म्हणतोय. चाळीस-पंचेचाळिशीच्या बाईला यात काय बघायचं असतं?

मी : खऱ्या पोर्तोफिनोलाही खिडक्या रंगवलेल्याच असतात, मामा. इटलीच्या त्या किनाऱ्यावर घराच्या दर्शनी भिंतीवर खोट्या खिडक्या आणि खोटं दगडकाम रंगवायची जुनी रीत आहे. इथल्या माणसांनी ती रीतसुद्धा उचलली. खिडक्या बसवणं परवडलं नाही म्हणून रंगवल्या असं नाही. तिथं रंगवलेल्या असतात म्हणून इथंही रंगवल्या.

मामा : म्हणजे खोट्याची नक्कल.

मी : अचूक नक्कल.

मामा : दातेगडावर ये. तिथली विहीर खडकात कापलेली आहे, वरपासून खालपर्यंत. तिला नख लाव, नख तुटेल. तिथं तू आलीस दोनदा, आणि इथं एकतीसदा.

मी : दोनदा आले, आणि दोन्ही वेळा तुम्ही होतात. पायऱ्यांवर बसून तुम्ही सांगितलंत की इथं छिन्नी कशी चालली असेल, पाणी कुठून येत असेल. तुम्ही नसतात तर मी फोटो काढून खाली उतरले असते.

मामा : तेच म्हणतोय मी. गडावर काही नसतं म्हणून डोकं चालवावं लागतं. इथं सगळं आणून मांडलंय. पिंपसुद्धा कुठं ठेवायचं ते ठरलेलं. तुझ्या डोक्याला काम काय?

यावर त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर हा त्यांचा मुद्दा मला आजही बोचतो.

अरबी किनाऱ्यापाशी पॉपकॉर्नची रांग होती. या पार्कांत पॉपकॉर्नच्या चवी ठिकठिकाणी वेगळ्या असतात, आणि इथली चव करीची. रांगेतल्या बहुतेकांच्या गळ्यात पट्ट्याचे रंगीत डबे. डबा एकदा विकत घ्यायचा आणि पुढच्या खेपेला नुसता भरून घ्यायचा. शिजत्या मसाल्याचा वास आला तसे मामा जरा खुलले.

मामा : करडईच्या तेलातल्या चिवड्यासारखा वास येतोय. किती वेळ लागेल?

मी : वीस-पंचवीस मिनिटं.

मामा : चिवड्यासाठी?

मी : रांगेत माणसं बघायची. ते पाहा.

आमच्या पुढं तिशीतल्या दोघी होत्या. प्रत्येकीच्या कडेवर डफी नावाचं कापडी अस्वल. डफी हे इथलं खास प्रकरण आहे. तो कुठल्या सिनेमातून आलेला नाही, या पार्कानं वाढवलेला. दोघींनी अस्वलांना एकसारखे स्वेटर घातले होते. बाजूच्या बाकावर साठीतलं एक जोडपं थर्मासमधून चहा ओतून घेत होतं, तेही अस्वलासकट.

मामा : यांना मुलंबाळं नाहीत का?

मी : असतील किंवा नसतील. विचारायला कशाला हवं?

मामा : रागावू नकोस. तुझ्या आईनं मला निघताना सांगितलं होतं, जरा विषय काढून बघ म्हणून. ती म्हणते, पोर एकटी आहे म्हणून तिथं जाऊन मन रमवते.

मी : आईला सांगा, कंपनीच्या वार्षिक आकडेवारीत 40 च्या वरच्या पाहुण्यांचा वेगळा रकाना असतो. मी त्या रकान्यात बसते. आणि मन रमवायलाच जाते. तुम्ही कराडला एकच संगीत नाटक किती वेळा पाहिलंत? पडदा रंगवलेला, राजवाडा रंगवलेला, राजाच्या मिशा डिंकानं चिकटवलेल्या. तेव्हा तुमचंही वय चाळिशीच्या पुढंच होतं.

मामा : ते गाण्यासाठी जात होतो.

मी : मी गंजासाठी येते.

इथं मामा हसले. मग त्यांनी शेजारच्या राइडची दुसरी रांग पाहिली. तिथली माणसं भराभर पुढं सरकत होती.

मामा : ती कुठली?

मी : जादा पैसे देणाऱ्यांची. 2022 पासून सुरू झाली. राइडमागं दीड-दोन हजार येन मोजले की मोठी रांग टळते. आधी हाच पास फुकट मिळायचा.

मामा : आणि तिकीट?

मी : दिवस बघून. 7,900 येनपासून 10,900 पर्यंत. म्हणजे साधारण साडेचार ते सहा हजार रुपये.

मामा : आमच्याकडं देवळात पैसे भरून दर्शनाची वेगळी रांग असते. त्यावर तूच एकदा जेवताना तावातावानं बोलली होतीस. ताट तसंच टाकून उठली होतीस.

हे खरं आहे. ताट टाकून उठल्याचंही खरं आहे. याचा बचाव मी करणार नाही. जिथं रांगेत सगळे सारखे, तिथं सगळ्यांचा दिवस सारखा असतो. पैशाची रांग आली की उभं राहणाऱ्याला आपण गरीब असल्याचं कळतं. मी तो पास घेत नाही. मामांसाठीही घेतला नाही, त्यामुळं त्यांची कंबर धरली, त्याचा दोष माझा.

करी पॉपकॉर्न त्यांना आवडलं. "मीठ कमी आहे" एवढंच म्हणाले. त्याच भागात सिंदबादची नावेतली सफर आहे. सिंदबादच्या बरोबर वाघाचं एक पिल्लू असतं, त्याचं नाव चंदू. हे ऐकून मामांना जो हसण्याचा झटका आला, तो आम्ही नावेतून बाहेर पडेपर्यंत टिकला. त्यांचा कराडचा चुलत भाऊ चंदू आहे, त्याला त्यांनी तिथूनच फोन लावला.

दुपारी आम्ही परत नेमोच्या तळावर आलो. ज्वालामुखीच्या पोटातलं हे गोल खोरं माझ्या मते जगातल्या सगळ्या डिस्नी पार्कांतला सगळ्यात देखणा कोपरा आहे. (बाकीची सगळी मी पाहिलेली नाहीत. मत तरीही ठाम आहे.) डोक्यावर 51 मीटरचा डोंगर, खाली हिरवट पाणी, कठड्याच्या कडेनं वाफेचे फवारे, आणि कुठंही परीकथा नाही, राजकन्या नाही, उंदीर नाही. ज्यूल व्हर्नच्या माणसांनी काम करता करता मधेच उठून जावं तसं सगळं पडलेलं. मामांनी पुन्हा वाकून पाणबुडीकडं पाहिलं.

मी : सकाळी विचारलंत ना, डोक्याला काम काय. आठवतंय, चौथीच्या मे महिन्यात मला कांजण्या आल्या होत्या? तुम्ही वाचनालयातून भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न आणून दिलात. घरात सगळे झोपले की मी पलंगाखाली जाऊन पाणबुडी खेळायचे. पलंगाखालची ती पाणबुडी इथं बाहेर आलीय, एवढंच. डोक्याचं काम मी चौथीतच करून ठेवलेलं आहे.

मामा : म्हणजे दोष माझा.

मी : तुमचाच. मिकीशी माझं काही देणंघेणं नाही. हा कोपरा नसता तर मी दोनदा येऊन थांबले असते.

मामा : मग मला सांग, नेमो कोण होता हे कुठं लिहिलंय इथं?

मी : म्हणजे?

मामा : अगं, चौथीतलं वाचन चौथीतच राहिलं वाटतं. पहिल्या पुस्तकात तो कोण ते कळत नाही. पुढं 1875 च्या पुस्तकात, मरताना तो स्वतः सांगतो. बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. टिपू सुलतानाच्या नात्यातला. 1857 च्या उठावात लढला, बायकापोरं गेली, सगळं गेलं, आणि मग समुद्रात उतरला. इंग्रजांच्या बोटींवर त्याचा राग कसला होता, ते तिथं कळतं. आणि त्या पुस्तकाचं नाव काय? 'मिस्टीरियस आयलंड'.

मी खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या पाटीकडं पाहिलं. डिस्नीसीच्या या भागाचं नाव तेच आहे, मिस्टीरियस आयलंड.

मामा : ज्या पुस्तकात तो सांगतो की मी हिंदुस्थानचा, त्याच पुस्तकाचं नाव दिलंय, आणि तो कुठला ते तेवढं गाळलंय. डिस्नीनं 1954 साली सिनेमा काढला, त्यातही नेमो झाला होता जेम्स मेसन. इंग्रज. ज्यांच्या बोटी बुडवायच्या त्यांच्यातलाच एक.

मी : मला इथं डक्कारचं नाव कुठं दिसलेलं नाही. एकतीस खेपांत.

मामा : शोधलं होतंस?

मी : नाही.

मामा : गंजाचा ओघळ कुठून कुठं गेला ते सापडलं, आणि माणूस कुठला ते नाही सापडलं.

हा टोला मी निमूट घेतला. मामांना जिंकल्यावर भूक लागते. आम्ही तिथंच वाफवलेला ग्योझा पाव घेतला, पावाच्या आत ग्योझाच्या चवीचं सारण. त्यांनी तो मांसाहार कशाचा आहे हे तीन वेळा विचारून खाल्ला.

पुढं न्यूयॉर्कच्या भागात एक उंच, काळवंडलेलं हॉटेल आहे, टॉवर ऑफ टेरर. अमेरिकेतल्या याच नावाच्या राइडची गोष्ट एका टीव्ही मालिकेवरून घेतलेली होती. इथं 2006 साली ती उघडताना गोष्टच नवी लिहिली. हॅरिसन हायटॉवर नावाचा गडगंज माणूस जगभरातून मूर्ती आणि वस्तू उचलून आणायचा. 1899 च्या शेवटच्या रात्री आफ्रिकेतून आणलेल्या एका मूर्तीची त्यानं टवाळी केली, आणि तो लिफ्टसकट गायब झाला. मामांना रक्तदाबाची गोळी चालू असल्यानं आत नेलं नाही. बाहेर उभं राहून गोष्ट सांगितली.

मामा : म्हणजे चोरलेल्या देवानं चोराला उडवलं.

मी : असंच.

मामा : ही चांगली आहे. ही कुणी लिहिली त्याला आमच्या म्युझियमवाल्यांची भेट घालून द्या.

दिवसभरात त्यांनी विनाअट पसंत केलेली ही पहिली गोष्ट. दुसरी पसंती मला अपेक्षित होती, त्यासाठीच मी त्यांना बंदरावरच्या किल्ल्यात नेलं. तिथं रांग नसते, लोक सरळ पुढून निघून जातात. आत खोल्याखोल्यांत जुनी यंत्रं आहेत. एका घुमटाखाली पितळी ग्रहमाला, आणि कडेला तिच्या मुठी. मूठ फिरवली की ग्रह सरकतात. मामांनी शनीची मूठ धरली आणि ती सोडेचनात. मागं एक लहान मुलगा उभा होता, त्याच्या आईनं दोनदा घसा खाकरला. शेवटी मी त्यांना ओढून पुढच्या खोलीत नेलं, जिथं वरून लांबच लांब तारेला लंबक टांगलेला आहे.

मामा : हा किल्ला कधीचा दाखवलाय म्हणालीस?

मी : सोळाव्या शतकातला.

मामा : मग हा फूकोचा लंबक इथं कसा? फूकोनं पॅरिसला 1851 मध्ये टांगला. पृथ्वी फिरते हे दाखवायला. तीनशे वर्षांची चूक आहे!

चूक सापडल्याचा त्यांना इतका आनंद झाला की ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. लंबकाची दिशा सरकते का ते बघायचं होतं. सरकली म्हणाले. मला दिसलं नाही. पण 71 वर्षांचा माणूस एका खोट्या किल्ल्यात खरी पृथ्वी फिरतेय का ते अर्धा तास बघत उभा होता, आणि मी माझ्या बाजूनं आणखी वाद घालायचं सोडून दिलं.

अंधार पडायला लागला तसं आम्ही बंदरासमोरच्या बाकावर बसलो. नोव्हेंबरचं वारं पाण्यावरून येत होतं. पुढं लोकांनी जमिनीवर चटया टाकून शोसाठी जागा धरल्या होत्या, तासभर आधीपासून. कुणी कुणाची चटई सरकवत नव्हतं. मामांनी बुटाच्या टाचेनं फरशी ठोकून पाहिली.

मामा : हा भरावच ना सगळा?

मी : पूर्ण. खाडी बुजवून केलेला.

मामा : मग 2011 ला काय झालं इथं? भराव आणि एवढा मोठा भूकंप, खालची वाळू पातळ व्हायला पाहिजे.

मी : गावात तसंच झालं. उरायासुच्या बहुतेक भागात वाळू आणि पाणी उफाळून वर आलं, मॅनहोल जमिनीबाहेर आले, नळ आणि गटारं बंद पडली. पार्कच्या वाहनतळावरही वाळू आली. पण पार्क जिथं उभं आहे तिथली जमीन आधीच घट्ट केलेली होती. खोलवर वाळूचे खांब ठासून.

मामा : सँड कॉम्पॅक्शन पाइल.

मी : तेच. त्या दुपारी दोन्ही पार्कांत मिळून सत्तर हजारांच्या आसपास लोक होते. दुकानातल्या मुलींनी फळ्यांवरची अस्वलं काढून लोकांच्या हातात दिली, डोक्यावर धरा म्हणून.

मामा : ती स्वेटर घातलेली?

मी : तीच. थंडी होती, म्हणून पुठ्ठ्याची खोकी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटल्या. दुकानातली बिस्किटं वाटली. पाहुण्यांना एरवी कधी दिसू नये म्हणून जी मागची बाजू लपवलेली असते, तिथून लोकांना सुरक्षित इमारतींत नेलं. गाड्या बंद होत्या, जवळपास वीस हजार माणसं रात्रभर इथंच राहिली. डिस्नीलँड 15 एप्रिलला उघडलं, हे 28 एप्रिलला.

मामा बराच वेळ बोलले नाहीत.

मामा : मी तेरा वर्षांचा होतो. कोयनानगरला, कॉलनीत. 11 डिसेंबर 1967. पहाटे सव्वाचारच्या पुढं. मला वाटलं ट्रक घरात घुसला. आईनं पहिल्यांदा काय केलं सांगू? भिंतीला टेकून ठेवलेली गादी ओढून आम्हा दोघा भावांच्या डोक्यावर टाकली. तुझी आई तिच्या कुशीत होती. बाबा धरणावर होते, ते दुपारपर्यंत आले नाहीत.

ही गादी मला माहीत नव्हती. आईनंही कधी सांगितली नव्हती, ती तेव्हा लहान होती.

मामा : म्हणजे अस्वल डोक्यावर धरायला सांगणारी मुलगी शहाणी होती. आणि वाळूचे खांब ज्यानं आधीच घालून ठेवले तो त्याहून शहाणा. ते कुणाला दिसत नाहीत, त्याचा फोटो कुणी काढत नाही. एवढ्यासाठी तुझं हे पार्क मला मान्य आहे.

मी : बाकी?

मामा : बाकी एक सांग. खाडी बुजवली म्हणालीस. ती कुणाची होती?

मी : म्हणजे काय, खाडीच.

मामा : कोयनेला पाणी अडवलं तेव्हा लोक असंच म्हणायचे, खोरंच. खाली गावं होती. इथं मासे मारणारे असतील ना कुणीतरी?

मला माहीत नव्हतं. डोंगराची उंची माहीत होती, उघडल्याच्या तारखा माहीत होत्या, कुठल्या भिंतीवरची कुठली खिडकी खोटी ते माहीत होतं. समोर शो सुरू झाला, पाण्यावर दिवे आले, ज्वालामुखीनं आग ओकली. मामांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाइलवर शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही उरायासु शहराच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. पार्कपासून ते फार लांब नाही, आणि नऊ वर्षांत मी तिथं पाय ठेवला नव्हता. आवारात 1952 च्या सुमाराचं कोळ्यांचं गाव उभं केलेलं आहे: अरुंद बोळ, लाकडी घरं, तंबाखूचं दुकान, पाण्यात तरंगणाऱ्या बेका नावाच्या अरुंद होड्या. शिंपल्या आणि खायचं शेवाळ, यावर हे गाव जगायचं. 1958 साली नदीवरच्या एका कागद कारखान्याचं काळं पाणी खाडीत आलं आणि शिंपल्या मेल्या. कोळी कारखान्यात घुसले, पोलिसांशी झटापट झाली, खूप जण जखमी झाले. त्याच वर्षाअखेर जपाननं पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध पहिले कायदे केले. पण समुद्र काही सावरला नाही. 1962 मध्ये मासेमारीच्या हक्काचा काही भाग गेला, 1971 मध्ये सगळा. साडेचार चौरस किलोमीटरचं गाव भराव घालून 17 च्या जवळ गेलं.

हे सांगत होते एक ऐंशीच्या घरातले आजोबा, तिथले स्वयंसेवक. माझं जपानी अपुरं पडत होतं, म्हणून ते होडीत उतरून हातवारे करून दाखवत होते, शेवाळ कसं ओढायचं ते. मामांनी मला मधे घालून विचारलं, तुम्ही त्या पार्कात जाता का? आजोबा म्हणाले, नात तिथं कामाला आहे.

मामा होडीच्या काठावर हात ठेवून उभे होते.

मी : हेही रंगवलेलंच गाव आहे बरं का, मामा. यातली काही घरं खरी, उचलून आणलेली. बाकीची नव्यानं बांधून जुनी दिसतील अशी केलेली. काल तुम्ही ज्याला नावं ठेवलीत तीच कारागिरी.

मामा : दिसतंय मला. पण इथं खोटं कशासाठी केलंय ते दारातच सांगितलंय. आणि आमच्याकडं एवढंही नाही गं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती दिसतात, तेवढंच म्युझियम. धरणग्रस्तांच्या फायली मी स्वतः हाताळल्यात, आणि त्यांतल्या एकाचंही घर कसं होतं ते मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि त्या लाकडी घराच्या छपराचा सांधा काढून घेतला, मापांसकट. आजोबांनी त्यांना फूटपट्टी आणून दिली.

मामा कराडला परतले. मी पुढच्या महिन्यात डिस्नीसीला बत्तिसाव्यांदा जाणार आहे. तुम्हीही जाल तेव्हा एक अर्धा दिवस उरायासुच्या त्या संग्रहालयासाठी ठेवा, आणि तो पार्कच्या आदल्या दिवशी ठेवा. तिथं तिकीट नाही. सोमवारी बंद असतं.